शर्यतीनंतरचें ताट

मॅरॅथॉन धांवून आलेल्या माणसाला कडकडून भूक लागत असेल, अशी माझी पक्की समजूत होती. माझ्या आईचीहि तीच समजूत होती. आणि त्या रविवारीं आमच्या घरीं जें कांहीं घडलें, त्याच्या मुळाशीं ही समजूतच होती.

२०२० सालच्या जानेवारींत, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं, मीं मुंबईची मॅरॅथॉन धांवून पुरी केली. 'धांवून' हा शब्द मी जरा सढळ हातानें वापरतों आहें. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागल्यापासून मी जें करीत होतों, त्याला धांवणें म्हणणारा माणूस फारच दयाळू असला पाहिजे. ४२.१९५ किलोमीटरांना मला साडेपांच तास लागले. बेळगांवचे फडेप्पा चौगुले १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें याहूनहि लांब, म्हणजे पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची शर्यत तीन तासांच्या आंत धांवले आणि एकोणिसावे आले. शर्यत संपल्यावर त्यांना कोणी काय खाऊं घातलें असेल, हा प्रश्न मला त्या रविवारापूर्वीं कधीं पडला नव्हता.

मी पहाटे घराबाहेर पडलों तेव्हांच आईनें पुरणाची डाळ शिजत घातली होती. दुपारीं लंगडत घरीं आलों, स्नान केलें, आणि पाटावर बसणें अशक्य असल्यामुळें खुर्चीवर बसलों. समोर ताट आलें. पुरणपोळी, तुपाची वाटी, कटाची आमटी, भजीं. तुपाचा वास नाकांत शिरला मात्र, आणि पोट एकदम ढवळून आलें.

"आई, हें उचल. मला वाससुद्धां सोसवत नाहीं."

शहात्तर वर्षांच्या बाईनें पहाटेपासून उभें राहून रांधलेल्या अन्नाविषयीं बोलण्याची ही रीत नव्हे, हें बोलतांनाच मला कळत होतें. आईनें एक अक्षरहि न काढतां ताटावर दुसरें ताट झांकलें आणि ती आंत गेली. तिच्या न बोलण्याची मला लहानपणापासून धास्ती आहे.

मग डोकें ठणकूं लागलें. बोटें इतकीं सुजलीं कीं अंगठी फिरेना. मला वाटलें, अंगांतलें पाणी कमी झालें असावें. शर्यतीत प्रत्येक टप्प्यावर मी पाणी पीत आलों होतों, घरीं येऊन आणखी चार तांबे रिचवले होते, तरी पांचवा मागितला. आणि त्याबरोबर वेदनाशामक गोळीहि. पत्नीला कांहींतरी शंका आली. तिनें गोळी दिली नाहीं, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलावून आणलें.

डॉक्टरांनीं पहिला प्रश्न केला तो, मीठ किती पोटांत गेलें याचा. तहानेच्या भयानें गरजेपेक्षां अधिक पाणी पिणाऱ्या, सावकाश धांवणाऱ्या माणसाच्या रक्तांतलें सोडियम पातळ होतें. मग तें पाणी पेशींत शिरतें, मेंदूला सूज येते, आणि अशानें माणसें दगावलींहि आहेत. त्यांनीं पत्नीला बजावलें कीं वांती सुरू झाली किंवा हे असंबद्ध बोलूं लागले, तर तडक रुग्णालय गांठा. (बोलण्यावरून निदान करणें माझ्या बाबतींत अवघड आहे, असें ती म्हणाली.) तोंवर लघवी साफ होईपर्यंत नुसतें पाणी बंद, कांहीं खारट चालेल, गोळी मुळींच नको, कारण मूत्रपिंडांवर आधींच ताण पडला आहे. भुकेविषयीं त्यांना नवल वाटलें नाहीं. धांवतांना रक्त पोटाकडून पायांकडे वळतें आणि पचनाचें काम मागें पडतें. तें पूर्ववत् व्हायला कांहीं तास जातात.

दाराशीं उभी असलेली आई एवढेंच म्हणाली, "म्हणजे पेज."

अर्ध्या तासानें ती वाटी घेऊन आली. तांदळाची दाट पेज, तींत एरवीपेक्षां बरेंच अधिक मीठ, कडेला लिंबाचें लोणचें. चमचा चमचा करीत मीं ती संपवली. आई शेजारीं बसली होती.

"तुझ्या वेळीं मलाहि दोन दिवस अन्नाचा वास सोसवत नव्हता. सासूबाईंनीं आधींच डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. मी खाईना म्हणून त्या रुसल्या. शेवटीं माझ्या आईनें पेज करून घातली."

"तुला एवढें ठाऊक होतें, तर मग पुरण कां घातलंस?"

"मग सासूबाईंनीं लाडू कां वळले?"

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. संध्याकाळपर्यंत सूज ओसरली, अंगठी फिरूं लागली.

धांवण्याच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें कीं पहिले चार तास वजनाच्या दर किलोमागें दर तासाला एक ग्रॅम पिष्ट पदार्थ पोटांत जावेत. माझ्या अडुसष्ट किलोंना तें तासातासाला दोन वाट्या भात असें पडतें! यकृतांत आणि स्नायूंत मिळून साखरेचा चार-पांचशे ग्रॅम सांठा असतो. तिसाव्या किलोमीटरच्या पुढें तो बहुतेक संपतो, आणि पेडर रोडवर माझें जें झालें तें होतें. तो त्वरेनें भरण्याची घाई ज्याला दुसऱ्या दिवशीं पुन्हां धांवायचें आहे त्याला. मला दुसऱ्या दिवशीं कचेरींत जायचें होतें, तेंहि मी गेलों नाहीं.

भूक आली ती सोमवारीं पहाटे, आणि अशी आली कीं मीच स्वयंपाकघरांत जाऊन डबा उघडला. आई माझ्या आधीं उठलेली होती. तिनें पोळ्या तव्यावर तुपांत शेकून दिल्या. मीं सहा खाल्ल्या. ती मोजीत होती, आणि मोजते आहे हें लपवीत नव्हती.

मंगळवारीं दुखणें कळसाला पोंचलें. जिना चढतां येई, उतरतां येत नसे. उतरतांना मांडीचा स्नायू ताणला जात असतांनाच सारा भार पेलतो, आणि फाटलेल्या तंतूंना तेंच नेमकें सोसत नाहीं. आईचे गुडघे दहा वर्षांपूर्वींच गेलेले. ती देवळांत निघाली होती, मी कचेरींत. दोघेंहि एकाच कठड्याला धरून उभीं राहिलों.

"उतरतांना दुखरा पाय आधीं टाकायचा," तिनें मला शिकवलें.

"माझे दोन्ही दुखरे आहेत, आई."

"मग माझा हात धर," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हातांतली फुलांची परडी तिनें माझ्याकडे दिली.