खोलीपेक्षा भान

दहाब, सिनाई. वारा उठायच्या आत ब्लू होलवर पोहोचायचं, हा इथला नेम. किनाऱ्याला लागूनच लाल समुद्र एकदम खोल होतो, सरावाला बोटही लागत नाही.

फ्रीडायव्हिंग, म्हणजे एका श्वासावर खोल बुडी मारणं, ही छाती फुगवण्याची शर्यत आहे, असं घरच्यांना वाटतं. माझा मात्र सगळा वेळ अंग सैल सोडायला शिकण्यात जातोय. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत मावते. ३० मीटरवर पाव. कानांतला दाब जुळला नाही, तर तिथूनच माघारी फिरायचं. हट्ट चालत नाही. पोटात बसणारे आचके प्राणवायू संपल्याचे नसतात, कार्बन डायऑक्साइड वाढल्याचे असतात. हे कळलं की भीती ओसरते. पूर्ण ओसरू मात्र नये. शुद्ध हरपते ती बहुधा वर येताना, शेवटच्या १० मीटरांत.

स्पर्धेत खोली आदल्या दिवशीच जाहीर करावी लागते. दोराच्या टोकाची पट्टी घेऊन वर यायचं, १५ सेकंदांत मास्क काढायचा, हाताने खूण करायची, ‘आय ॲम ओके’ म्हणायचं. मग पांढरं कार्ड. विक्रमी खोली गाठूनही हे चुकलं, तर लाल. मला हा नियम मनापासून पटतो. किती खोल गेलात याच्याइतकंच, भानावर परत आलात का, हेही इथे मोजतात.

ब्लू होलच्या काठावर, खडकावर, इथे जीव गमावलेल्या पाणबुड्यांच्या स्मृतिशिला आहेत. म्हणून नवख्यांना एकच सांगणं: पोहण्याच्या तलावातसुद्धा जाणकार जोडीदाराशिवाय श्वास रोखून बुडी मारू नका.