आत्याची किडनी आणि चिनी किडनी

आयटीत पाच-सहा वर्षं काढली की दोन गोष्टी हमखास मिळतात. एक होम लोन आणि दुसरी कंबरदुखी. आमच्या फ्लोअरवर निम्म्या खुर्च्यांना कुणी ना कुणी उशी नाहीतर टॉवेलची गुंडाळी लावलेली आहे. पण आज लिहायचंय ते आमच्या कंबरेबद्दल नाही. आमची कंबर बसून बसून दुखते. माझ्या आत्याची वाकून वाकून दुखते.

आत्या आण्याला असते. कल्याण-नगर रस्त्याने आळेफाटा सोडला की पुढे आणे घाट लागतो, घाटात गुळुंचवाडीचा तो नैसर्गिक दगडी पूल, आणि वर चढलं की आणे पठार. रंगदास स्वामींच्या यात्रेतली आमटी-भाकरी ज्यांनी खाल्लीय त्यांना गाव वेगळं सांगायला नको. जुन्नर तालुका म्हटलं की लोकांना धरणं आणि द्राक्षं आठवतात, पण पठार हा त्याच तालुक्यातला कोरडा भाग. विहिरीला पाणी असेल तोवर कांदा, नाहीतर बाजरी आहेच. कांद्याची लागवड म्हणजे दिवसभर कंबरेत वाकून काम. आणि थंडीत शेताची लाईट रात्रीची आली, की रात्री गार चिखलात उभं राहून दारं धरायची.

तर आत्याची कंबर दोन वर्षं दुखत होती. गावाकडे याला उसण भरली म्हणतात आणि त्याचे उपायही ठरलेले आहेत. पायाळू माणसाचा पाय लावून झाला. विटेचा शेक झाला, निर्गुडीचा पाला झाला. मेडिकलमधून गोळ्या तर चालूच होत्या. शेवटी आतेभावाने तिला शहरातल्या एका ॲक्युपंक्चरवाल्याकडे नेलं. त्याने जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बघितली, बरेच प्रश्न विचारले आणि सांगितलं, "मावशी, तुमची किडनी वीक आहे. त्यामुळे कंबर दुखते." मग सुया टोचल्या.

सुयांनी तिला त्या दिवशी बरं वाटलं. पण घरी आल्यावर तिने जेवण सोडलं! आमच्या नात्यातले एकजण शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर होते. ते हाल तिने जवळून बघितलेत. रात्री मला फोन.

"आरं, माझी किडनी गेली म्हंत्यात. मशिनीवर बसायचं म्हंजी किती पैसं लागत्यात?"

मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य, "दोन शेळ्या इकल्या तर भागंल का?"

आता यात ॲक्युपंक्चरवाला खोटं बोलला का? नाही. त्याच्या शास्त्राप्रमाणे तो बरोबरच बोलला. गोंधळ आहे तो शब्दाचा. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच नावाचे दोन व्हेरिएबल, दोन वेगळ्या प्रोग्रॅममधले, आणि एकाची व्हॅल्यू दुसऱ्यात वाचली गेली.

चिनी वैद्यकात 'शन्' नावाची एक गोष्ट आहे. भाषांतरात तिला किडनी म्हणतात. पण आपल्या माहितीतली किडनी म्हणजे रक्त गाळून लघवी तयार करणारे दोन अवयव. शन् चं काम कितीतरी मोठं आहे. माणूस जन्मताना जी मूळ शिदोरी घेऊन येतो ती शन् मध्ये साठवलेली असते, असं ते मानतात. वाढ, प्रजनन, हाडं, मज्जा, कान, केस, सगळं तिच्या अखत्यारीत. वय झालं, बाळंतपणं झाली, वर्षानुवर्षं अंगमेहनत झाली की ही शिदोरी कमी होत जाते. आणि कंबर हे शन् चं घर. म्हणून शिदोरी आटली की घर कुरकुरायला लागतं. 'हुआंगदी नेइचिंग' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथापासून हा विचार चालत आलेला आहे.

म्हणजे "किडनी वीक आहे" याचं आत्याच्या भाषेतलं खरं भाषांतर काय? "बाई, तुम्ही आयुष्यभर राबलात, अंगातली शक्ती कमी झालीय." एवढंच! हे ऐकून तिने जेवण सोडलं नसतं. उलट "मंग मी काय येगळं सांगत व्हते?" म्हणाली असती.

यात चिनी लोक काही जगावेगळं करत नाहीत बरं का. आपण रोज म्हणतो, "मला पित्त झालंय." कुणी लगेच पित्ताशयाची सोनोग्राफी करायला धावतं का? वैद्यबुवा म्हणाले वात वाढलाय, तर आपण लॅबमध्ये वाताचा रिपोर्ट मागत नाही. पित्त हा शब्द दोन अर्थांनी चालतो आणि कुठला कधी घ्यायचा ते आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. शन् बद्दल ही समज आपल्याकडे नाही. चीनमध्ये पाश्चात्त्य शरीरशास्त्र आलं तेव्हा मूत्रपिंडालाही तोच जुना शब्द दिला गेला, त्यामुळे तिथेही एकाच शब्दावर दोन अर्थ बसलेत. इंग्रजी पुस्तकांनी यावर एक युक्ती काढली. चिनी अर्थाची किडनी असेल तर अनेक लेखक पहिलं अक्षर कॅपिटल लिहितात. आपल्या देवनागरीत कॅपिटल नाही, आणि बोलताना तर कॅपिटल ऐकूच येत नाही!

बरं, चिनी वैद्य सगळ्याच कंबरदुखीला शन् ला जबाबदार धरत नाही. ढोबळमानाने तीन गट आहेत. पहिला, थंडी आणि ओल अंगात शिरणं. यात कंबर जड, आखडलेली वाटते, पावसाळी गार हवेत जास्त दुखते, शेकलं की बरं वाटतं, पण नुसतं पडून राहून कमी होत नाही. दुसरा, रक्त एका जागी अडकणं. म्हणजे पडणं, लचकणं, एकाच जागी सुरी खुपसल्यासारखी कळ, हात लावू देत नाही. तिसरा शन् ची कमजोरी. हळू, सतत ठसठस, गुडघ्यात ताकद नाही, कामाने वाढते, विश्रांतीने कमी होते. एकाच माणसात दोन गटही असतात. म्हणून तो विचारतो, थंडीत काम करता का? सकाळी जास्त की संध्याकाळी? दाबलं की बरं वाटतं की दुखतं?

रात्री गार चिखलात दारं धरणाऱ्या बाईला हे प्रश्न अगदी आपले वाटले. आत्या म्हणाली, इतक्या वर्षांत एवढं कुणी विचारलंच नव्हतं. मला वाटतं सुयांच्या आधी अर्धं बरं तिला तिथेच वाटलं असणार.

उपचार गटाप्रमाणे बदलतो. कंबरेवर मणक्याच्या दोन्ही बाजूंना 'शन्शू' नावाचे बिंदू आहेत, आणि गुडघ्याच्या मागे घडीत 'वेइचुंग'. कंबर दुखते तर गुडघ्यामागे सुई कशाला? तर कंबरेवरून जाणारा मार्ग तिथून पुढे पायात उतरतो असं ते मानतात. आपल्याकडे सुश्रुताने गृध्रसीत, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेत, गुडघ्याच्या चार अंगुळं वर किंवा खाली शिरावेध सांगितलाय. दोघांनी पाय जवळपास एकाच ठिकाणी धरलाय, गंमतच आहे. थंडीच्या गटात दवण्याच्या जातकुळीतली एक वनस्पती वाळवून, पेटवून तिचा शेक देतात. तुंबड्याही लावतात, त्या तर आपल्याकडेही होत्याच.

क्लिनिकच्या भिंतीवर डॉ. कोटणीसांचा फोटो होता, असं आतेभाऊ म्हणाला. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावरचा शांतारामबापूंचा सिनेमा आजोबांच्या पिढीला पाठ. पण कोटणीस होते सर्जन. सुया इकडे आणल्या त्या याच पथकातल्या कलकत्त्याच्या डॉ. बिजयकुमार बसूंनी. ते 1950 च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन हे शिकून आले. महाराष्ट्राने तर ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदाच केला.

आता तुमचा प्रश्न मला ऐकू येतोय. हे सगळं ठीक, पण चालतं का?

इंजिनिअरला शोभेल असं उत्तर देतो. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, निष्कर्ष 2007 मध्ये आले. एका गटाला चिनी पद्धतीने बरोबर जागी सुया, दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी चांगला फरक पडलेले किती? बरोबर सुया 47.6 टक्के, चुकीच्या सुया 44.2 टक्के, नेहमीचे उपचार 27.4 टक्के. आता बघा, सुईवाले दोन्ही गट तिसऱ्याच्या बरेच पुढे, पण आपापसात जवळपास बरोबरीत! म्हणजे आराम पडतो हे खरं, पण तो नेमक्या बिंदूमुळे पडतो हे सिद्ध होत नाही. म्हणूनच ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2009 मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर सुचवलं आणि 2016 मध्ये काढून टाकलं, तर अमेरिकेच्या मेडिकेअरने 2020 पासून जुनाट कंबरदुखीसाठी त्याचा खर्च द्यायला सुरुवात केली. आकडे वाचणारे सगळे हुशारच, पण एकमत नाही.

असो. आत्याकडे परत येतो, कारण खरी गोष्ट पुढेच आहे.

तिची भीती जाईना म्हणून आम्ही जवळच्या डॉक्टरांकडे क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घेतली. दोन्ही नॉर्मल. पण डॉक्टरांनी सहज विचारलं, गोळ्या कुठल्या घेता? आत्याने कॅरीबॅग उलटी केली. दोन वर्षांच्या पेनकिलरच्या पट्ट्या! दुखलं की एक, जास्त दुखलं की दोन, उन्हात पाणी कमी पिऊन. या जातीच्या गोळ्या अशा वर्षानुवर्षं घेतल्या तर मूत्रपिंड खराब होऊ शकतं, हे डॉक्टरांनी तिला नीट बसवून सांगितलं. म्हणजे तिच्या खऱ्या किडनीला धोका होता, पण भलत्याच बाजूने. आणि किडनी हा शब्द उच्चारणाऱ्या सुईवाल्याने नेमकं हेच विचारलं नव्हतं.

चिनी औषधांच्या बाबतीतही हे लक्षात ठेवायला हवं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या चिनी औषधात एका वनस्पतीच्या जागी दुसरीच विषारी वनस्पती गेली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. सुईत ही भानगड नाही, मात्र सुई नवी आणि निर्जंतुक हवी. पण पुडीत काय आहे ते विचारायलाच हवं.

म्हणून घरातल्या कुणाला घेऊन जाणार असाल तर सुईवाल्याची नोंदणी विचारा, सुई तुमच्यासमोर फोडलेली नवी आहे का बघा आणि चालू गोळ्यांची यादी दाखवा. पायातली ताकद गेली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी-संडासवर ताबा राहिला नाही, कंबरदुखीबरोबर ताप आला किंवा वजन उतरायला लागलं, तर सुई नाही, पाला नाही, सरळ हॉस्पिटल.

आणि "किडनी वीक आहे" असं कुणी म्हणालं, तर तिथेच विचारा, कुठली किडनी? चिनी वैद्यकात प्रत्येक अवयवाला एक भावना जोडलेली आहे. शन् ची भावना आहे भीती. भीतीने शन् कमजोर होते असं त्यांचंच शास्त्र सांगतं. तेव्हा त्यांच्याच हिशोबाने बघितलं तरी पेशंटला न घाबरवता समजेल असं सांगणं हा उपचाराचा भाग झाला.

आत्याच्या पेनकिलर आता बंद आहेत. सुया चार वेळा घेतल्या, पाण्याची बाटली शेतात नेते, आणि रात्रीची दारं आतेभाऊ धरतो. कंबर दुखते, पण कमी. यातलं नेमकं कशाने बरं वाटलं ते मला विचारू नका. शेळ्या मात्र गोठ्यातच आहेत.