जसं झालं तसं

बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितोय. मधे दोन-तीन जणांनी मेल करून विचारलं की ब्लॉग बंद केलास की काय, आणि आत्याने तर थेट फोनवर झापलं. बंद वगैरे काही नाही. लिहिण्यासारखं खूप होतं, पण ज्या गोष्टीबद्दल लिहायचं होतं तिच्याबद्दल बोलायचीच लाज वाटत होती. आज लिहून टाकतो.

तर झालं असं की मी माझी गाडी ठोकली. रस्त्यावर नाही, रेस ट्रॅकवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आमच्याकडे २०१६ची पोलो जीटी टीएसआय आहे. चाकणच्याच कारखान्यात बनलेली. तो कारखाना २००९ साली सुरू झाला आणि पोलो भारतात २०२२ला बंद झाली. मी म्हाळुंग्यात एका प्लॅस्टिक मोल्डिंग कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे बंपर तपासायचे, संध्याकाळी चाकण चौकात पाऊण तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत घरी यायचं. ही गाडी खरंच काय करू शकते हे नाशिक रस्त्यावर कधीच कळणार नव्हतं, आणि तिथे ते कळावं अशी इच्छाही नसावी. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आणि कायदा राहू दे, तिथे सायकलवरून शिफ्टला जाणारी माणसं असतात.

म्हणून ट्रॅक डे. म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, आपलीच गाडी ट्रॅकवर न्यायची आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांमध्ये चालवायची. नंबर नाही, बक्षीस नाही. आपल्या देशात मोठे ट्रॅक मोजकेच. कोइम्बतूरचा कारी, चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झालं. मी दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर गेलो होतो. कुठला ते लिहीत नाही, कारण चूक ट्रॅकची नव्हती.

जाण्यापूर्वी मी एक शहाणपणा केला. विम्याची पॉलिसी काढून वाचली. आपण सगळे पॉलिसी कुठे वाचतो? शोरूममध्ये "झिरो डेप आहे ना?" एवढं विचारतो आणि सही करतो. त्यात 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक परिच्छेद असतो. गाडी भाड्याने चालवणं, मालवाहतूक, संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल, आणि मोटार व्यवसायासाठी वापर, यातलं काहीही करताना पॉलिसी लागू नाही. जवळपास प्रत्येक खासगी गाडीच्या पॉलिसीत हेच शब्द आहेत, कारण ते २००२च्या मोटर टॅरिफमधून आलेत. २००७पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर कंपन्यांना मोकळे झाले, तरी ही वाक्यं तशीच राहिली.

मी नानामामाला फोन केला. (मामा तीस वर्षं विमा सर्व्हेयर होता, आता रिटायर होऊन कोथरूडला असतो.) म्हटलं, "मामा, ही शर्यत नाहीये. सराव आहे."

"अरे, पुढचा शब्द वाच. वेगचाचणी. तू काय तिथे पार्किंगचा सराव करायला चाललायस का?"

झिरो डेपचं विचारलं तर म्हणाला, ती वरच्या मजल्यावरची गॅलरी झाली, खालचा मजलाच नसेल तर गॅलरी कशावर टेकणार? त्यानेच सांगितलं की त्या टॅरिफमध्ये ३१ क्रमांकाचं एक एन्डॉर्समेंट आहे. जादा प्रीमियम भरून रॅली आणि रिलायबिलिटी ट्रायलपुरतं संरक्षण वाढवून घेता येतं. पण त्यातही शर्यत, पेस मेकिंग आणि वेगचाचणी बाहेरच. म्हणजे रॅलीला दार किलकिलं आहे, ट्रॅकला नाही. तरी मी विमा कंपनीला रीतसर मेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं, तेच कलम चिकटवलेलं.

माझा मावसभाऊ जर्मनीत असतो. तो म्हणाला तिकडेही फार वेगळं नाही. न्युरबुर्गरिंगचा तो प्रसिद्ध २०.८ किलोमीटरचा ट्रॅक लोकांना तिकीट काढून चालवायला खुला असतो. तिथे गार्डरेलला धडकलात तर गाडी तर जातेच, वर रेलच्या दुरुस्तीचं आणि गाडी ओढून नेल्याचं बिल येतं. इंग्लंडमध्ये मात्र एका दिवसापुरता ट्रॅकचा विमा मिळतो. गाडीची किंमत आधी ठरवायची आणि नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा आपण सोसायचा. असं काही मला मिळालं असतं तर घेतलं असतं.

म्हणजे मला सगळं माहीत होतं, लेखी माहीत होतं. तरी गेलो. हे आधीच सांगून ठेवतो.

सकाळच्या दोन पाळ्या झकास गेल्या. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये बारा वर्षांत जे कळलं नाही ते चाळीस मिनिटांत कळलं. जेवणानंतरच्या पाळीत तिसऱ्या फेरीला एका उजव्या वळणात मी जरा जास्त वेगाने शिरलो, घाबरलो, आणि वळणाच्या मध्येच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत हे करायचं नसतं, सकाळच्या ब्रीफिंगमध्ये तेच सांगितलं होतं. वजन पुढे आलं, मागची चाकं हलकी होऊन सुटली, गाडी फिरली आणि डाव्या पुढच्या कोपऱ्याने टायरच्या भिंतीवर आदळली. मला काही झालं नाही. एअरबॅगही उघडल्या नाहीत. बंपर, डावा हेडलॅम्प, फेंडर, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर आणि खालचा आर्म गेला.

मी कडेला बसून पाणी पीत होतो तेव्हा एक गृहस्थ आले. मराठीच, पिंपळे सौदागरचे निघाले, फार प्रेमाने बोलले. म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. टो करून हायवेला न्या, कुत्रं आडवं आलं, डिव्हायडरला घासली म्हणा. सगळे असंच करतात. कोण बघतंय?"

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. त्या रात्री हॉटेलवर मी विमा कंपनीचं अ‍ॅप उघडलं. तारीख भरली, गाडीचा नंबर भरला. पुढे एक मोठा रिकामा चौकोन होता, 'अपघात कसा झाला याचे वर्णन'. गॅरेजवाल्याने फोटो बघून १ लाख ६२ हजारांचा अंदाज दिला होता. आणि बँकेत बाजूला काढलेले दीड लाख होते ते स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी. आमचा ओटा चार वर्षांपूर्वी मधोमध तडकलाय. बायको त्यावर पोळपाट ठेवते तेव्हा पोळपाट डुगडुगतो, म्हणून खाली घडी घातलेलं फडकं असतं. दिवाळीच्या आधी ओटा करायचा असं मी तिला कबूल केलं होतं.

मी मामाला फोन लावला. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "टायरच्या भिंतीचा काळा पट्टा आणि लाल-पांढरा रंग तुझ्या फेंडरवर लागलाय का बघ. डिव्हायडरवर तो मिळत नाही. हे झालं सर्व्हेयर म्हणून. मामा म्हणून मला काही विचारू नकोस, कारण मग मला उत्तर द्यावं लागेल."

फेंडरवर लाल रंग होता. पण रंग काय, थिनरने जातो. त्यामुळे खरं सांगायचं तर मी पकडला जाण्याच्या भीतीने थांबलो नाही.

थांबलो तो त्या चौकोनापाशी. बाबा टेल्कोत होते, पिंपरीला, इआरसीत. (२००३ला कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं, पण आमच्या घरात अजून टेल्कोच.) नव्या गाड्या टेस्ट ट्रॅकवर, खड्ड्यांतून, दगडांवरून चालवून मोडायच्या हेच त्यांच्या विभागाचं काम. लहानपणी मला याचं फार नवल वाटायचं. गाडी मोडली तरी कुणी रागावत नाही! मी एकदा विचारलंही होतं. बाबा म्हणाले, "मोडली तर काही बोलत नाहीत. पण रिपोर्ट लिहावा लागतो. कशी मोडली, जसं झालं तसं. तिथे खोटं लिहिलं तर पुढच्या गाडीत माणूस मरतो."

मीही क्वालिटीचा माणूस. रोज ऑपरेटरला सांगतो, रिजेक्शन लपवू नकोस, कारण लिही. बाबांसारखंच. आणि आता मी त्या चौकोनात एक न आलेलं कुत्रं लिहिणार होतो. विम्याचा पैसा काही आभाळातून पडत नाही, तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हप्त्यांचाच असतो. सायकलवाल्याला वाचवताना ज्याची गाडी खरंच डिव्हायडरला लागली, त्याच्याकडे सर्व्हेयर संशयाने बघतो तो माझ्यासारख्यांमुळेच. हा सगळा विचार त्या रात्री एवढ्या नीट केला असं नाही. चौकोन रिकामा ठेवून अ‍ॅप बंद केलं आणि झोप लागली नाही, एवढंच.

गाडी परतीच्या एका कार कॅरियरवर जागा मिळवून आणली, त्याचे २२ हजार वेगळे. मोशीच्या गॅरेजवाल्याने चांगला जुना आर्म आणि हेडलॅम्प शोधून बिल १ लाख ३८ हजारांवर आणलं. ओट्याचे पैसे गेले.

बायकोला सांगताना मी आधी विम्याची सगळी कलमं सांगितली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे सगळं तुला जायच्या आधी माहीत होतं?" हो म्हटलं. ती काही बोलली नाही, उठून कणीक मळायला गेली. त्या रात्री पोळपाटाचा आवाज जरा जास्तच येत होता. चार दिवसांनी म्हणाली, "खोटा क्लेम केला नाहीस ते बरं केलंस. पण त्याबद्दल शाबासकी मागू नकोस. पैसे माझ्या ओट्याचे होते." यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. खरं बोलल्याची किंमत मी भरली असं मला वाटत होतं, ती निम्मी तिने भरली होती.

ज्यांना ट्रॅकवर जायचंय त्यांना माझ्या अनुभवाचं एवढंच सांगणं. जाऊ नका म्हणणार नाही, रस्त्यावर हौस भागवण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. पण तुमच्या पॉलिसीतला तो परिच्छेद वाचा, कंपनीला लेखी विचारा आणि विमा नाहीच असं धरून निघा. ब्रेक ऑइल, पॅड, टायर बघा. गाडी परत आणायचे पैसे वेगळे ठेवा. आणि मुख्य म्हणजे आख्खी गाडी गेली तरी घरातलं दुसऱ्या कुणाचं काही अडणार नाही, एवढे पैसे हातात असतील तेव्हाच जा. मी आता दरमहा तीन हजारांचं रिकरिंग सुरू केलंय. आधी ओटा. तो झाल्यावर पुढचे पैसे साठतील तो माझा ट्रॅकचा विमा. त्याला वेळ लागेल. लागू दे.

बाबांना सांगायला सगळ्यात उशीर केला. ते आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, निगडीच्या घरी सकाळी पेपर घेऊन बसतात. सगळं ऐकून त्यांनी गाडी किती मोडली हे विचारलंच नाही. चष्मा काढला आणि म्हणाले, "रिपोर्ट लिहिलास?"

म्हटलं, कुणाला द्यायचा?

"द्यायचा कुणाला ते नंतर. लिहिलास का?"

म्हणून हे लिहिलं. आज प्रिंट काढून त्यांना नेऊन देतो. शुद्धलेखनाच्या चुका ते काढतीलच.