सुतक नसलेलं दुःख

माणूस गेला की सुतक भाऊबंदांना. दहावं, बारावं, पिंडाला कावळा शिवणं, सगळं त्यांचं. पण ज्या हातांनी त्याच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क शेवटचा उतरवला, बॉडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली, त्या हातांना कुठलं सुतक? सिस्टर, तुम्ही ग्लोव्हज बदललेत आणि शेजारच्या खाटेवरच्या आजीचं सॅच्युरेशन बघायला गेलात. मागे त्या माणसाचा मोबाईल वाजत होता. स्क्रीनवर नाव होतं, ‘घर’.

मार्च २०२० मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातला कोविडचा पहिला रुग्ण गुहागर तालुक्यात सापडला. तेव्हा नमुने जिल्ह्याबाहेर जायचे आणि अहवाल येईपर्यंत कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे. मग मुंबईहून चाकरमानी आले. ३ जूनला निसर्ग वादळ दापोली-मंडणगड झोडपून गेलं. २२ ऑगस्टला गणपती आले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळुणात घुसली; कोविडचे रुग्ण होते तिथेही पाणी शिरलं, वीज गेली. तुमची ड्यूटी बदलली नाही.

घरी आलात की मागीलदारी कढत पाणी, कपडे साबणात आणि अंथरूण पडवीत. पोर माजघराच्या उंबऱ्यातून बघायचं. त्याला जवळ घ्यायचं नाही, हे तुमचं तुम्हीच ठरवलेलं. आशाताई पाखाड्या चढत या वाडीतून त्या वाडीत लोकांचा ताप नि ऑक्सिजन मोजत फिरल्या; जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी राज्यभर त्यांनाच संपावर जावं लागलं.

लोक म्हणाले, खंबीर बाई हो! खंबीर कसली. जांभा वरून कोरडाठाक दिसतो आणि आत पाणी धरून असतो, तशातली गत. तुम्ही रडलात ते पीपीई किटच्या आत, जिथे घाम कुठला नि डोळ्यांतलं पाणी कुठलं हे कुणाला कळणार नव्हतं.

आणि हे त्या रत्नागिरीत, जिथे १८८६ पासून मनोरुग्णालय उभं आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. मनाचं दुखणं घेऊन लोक लांबलांबून इथे येतात, आणि इथलीच बाई त्या फाटकाकडे वळण्याआधी मागे बघते, कुणी ओळखीचं नाही ना! पिढ्यानपिढ्या आपण त्या इमारतीवर विनोद केले. झोप उडालेल्या माणसाला त्या विनोदांनीच दारातून परत फिरवलं, असं मला वाटतं.

लाट ओसरली तसे कोविडपुरते घेतलेले कंत्राटी कर्मचारी घरी पाठवले गेले. ड्यूटीवर कोविडने मरण आलं तर ५० लाखांचा विमा होता. जगलेल्याची रात्री-अपरात्री मोडणारी झोप त्यात बसत नव्हती. ज्यांनी माणसांचे शेवटचे दिवस सांभाळणाऱ्या वॉर्डांत वर्ष-दीड वर्ष काढलं, त्यांना साधी हक्काची रजा देऊन ‘बोला’ म्हणणं आपल्याला जमायला हवं होतं. जमलं नाही.

टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं. सिस्टर, तो तुमच्यासाठीही आहे. आणि वाचकहो, सिव्हिलमध्ये किंवा गावच्या उपकेंद्रात त्या दिवसांतलं कुणी भेटलं, तर विचारा त्यांना, तेव्हा कसं काढलंत म्हणून. मग मध्ये बोलू नका.