सीएसटी रोड, चाकं आणि ३० मिलिमीटर

मुंबईत बरीच वर्षं दोन ‘सीएसटी’ होती. एक आपलं स्टेशन. २०१७ मध्ये त्याच्या नावात ‘महाराज’ जोडलं गेलं आणि ते सीएसएमटी झालं. दुसरा कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणारा सीएसटी रोड. त्याचं नाव जसंच्या तसं राहिलं, कारण त्याचा स्टेशनशी काडीचाही संबंध नाही! इथलं सीएसटी म्हणजे सेंट्रल सॅल्सेट ट्रामवे. ट्रॉम्बे ते अंधेरी अशी ही रेल्वे १९२८ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये गुंडाळलीसुद्धा. रूळ गेले, नाव तेवढं रस्त्याला चिकटून राहिलं.

आज या रस्त्यावर रुळांऐवजी रिम्स दिसतात. एका टोकाला युनिव्हर्सिटीचा कॅम्पस, पलीकडे बीकेसीच्या काचेच्या बिल्डिंगा आणि मध्ये गाड्यांचा अख्खा संसार. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, बंपर, हेडलाइट, आणि छतापर्यंत रचलेली मॅगव्हील्स. सोनेरी, काळी, क्रोम, खोल डिशवाली. ज्याला गाडीचा नाद आहे त्याने इथे पाकीट घरी ठेवून यावं, असं म्हणतात ते उगाच नाही.

माझा मावसभाऊ मात्र पाकीट भरून आला होता. दादा ठाण्याला राहतो, आयटीत आहे आणि त्याच्याकडे सेकंडहॅण्ड स्कोडा ऑक्टाव्हिया आहे. २०१३ मध्ये भारतात आली त्या पिढीची, १.८ टीएसआय, १८० पीएस. दिसायला सभ्य, पण पाय दाबला की सॉलिड पळते. बोनस आला होता आणि १८ इंची चाकांचा फोटो मोबाइलच्या वॉलपेपरवर वर्षभर होता. ‘तू पत्रकार आहेस ना, भाव कर,’ म्हणून मला सोबत घेतलं. मी मास कॉममध्ये भाव करायला शिकले नव्हते, पण प्रश्न विचारायला शिकले होते. तेच कामी आलं.

आधी रिमची जन्मपत्रिका

चाक बदलायचं म्हणजे आवडलं ते उचलायचं, असा आपला समज. पण प्रत्येक रिमच्या पाठीमागे तिची पत्रिका कोरलेली असते. दादाच्या गाडीच्या मूळ रिमवर होतं : ६.५ जे × १६, ईटी ४६. म्हणजे रुंदी साडेसहा इंच, व्यास १६ इंच आणि ऑफसेट ४६ मिलिमीटर.

हा ऑफसेट म्हणजे काय भानगड? सोपं आहे. रिम रुंदीच्या बरोबर मधोमध कापली आहे असं समजा. ही झाली मधली रेघ. रिमचा जो भाग गाडीच्या हबला टेकतो तो या रेघेपासून किती दूर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. ‘ईटी’ ही जर्मन शब्दाची आद्याक्षरं. आकडा मोठा असेल तर चाक गाडीच्या आत सरकतं, आकडा लहान झाला की बाहेर येतं. ती खोल, मस्त डिश दिसते ना, ती बहुतेक वेळा कमी ऑफसेटची कृपा असते.

पत्रिकेत आणखी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली पीसीडी. या गाडीला ५ × ११२, म्हणजे पाच बोल्ट, ११२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. बाजारात ११४.३ ची रिम भरपूर मिळते, होंडा-टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना ती लागते. ‘दो एमएम का तो फरक है, बैठ जायेगा,’ असं एका दुकानात आम्हाला हसत हसत सांगितलं. बसेलही! पण बोल्ट तिरका ओढला जाईल आणि हायवेवर कधी सैल होईल ते सांगता येत नाही. तिथून आम्ही निघालो.

दुसरी गोष्ट सेंटर बोर, म्हणजे मधलं भोक. ऑक्टाव्हियाचा हब ५७.१ मिलिमीटर. बाहेरच्या रिमचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे ती अनेक गाड्यांना चालते. मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर ऐंशी-शंभरच्या स्पीडला स्टिअरिंग थरथरू शकतं, आणि बिचारा बॅलन्सिंगवाला शिव्या खातो.

बोटं डिशमध्ये, डोकं कॅल्क्युलेटरवर

तिसऱ्या दुकानात दादा थांबला. समोर वॉलपेपरवरचीच चाकं होती! ८ जे × १८, ईटी ३५, पीसीडी ११२. तो डिशच्या कडेवरून असा हात फिरवत होता की वहिनीने पाहिलं असतं तर प्रश्न विचारले असते.

मी मोबाइलवर आकडे मांडले. साडेसहा इंच म्हणजे १६५.१ मिलिमीटर, त्याचं अर्धं ८२.५५. त्यातून ऑफसेटचे ४६ वजा केले की उरतात साडेछत्तीस. इतकी जुनी रिम हबच्या बाहेर येते. नवी आठ इंची, म्हणजे २०३.२. अर्धं १०१.६, वजा ३५, उरले ६६.६. फरक ३० मिलिमीटर. चाक दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर बाहेर येणार होतं. आतल्या बाजूला आठ मिलिमीटर, ते वेगळंच.

‘तीन सेंटिमीटरने काय होतंय?’ दादा म्हणाला.

होतं असं : चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो, स्टिअरिंगला खड्ड्याचा झटका जास्त लागतो, रस्त्यातल्या चरांमागे गाडी ओढली जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी भरली की मागचं मडगार्ड खाली येतं आणि टायर तिथे हजर असतो.

टायरचा हिशेबही तिथेच केला. कंपनीचा टायर २०५/५५ आर १६. म्हणजे २०५ मिलिमीटर रुंद, भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. पूर्ण चाकाचा व्यास भरतो ६३२ मिलिमीटर. १८ इंचीला २२५/४० घेतला तर व्यास ६३७. एक टक्क्याहून कमी फरक, स्पीडोमीटरची तक्रार नाही. आकडा दोन-तीन टक्क्यांच्या आत राहिला की साधारणपणे चालतं. पण भिंत पाहा! ११३ मिलिमीटरवरून थेट ९०. खड्डा आणि रिम यांच्यामधल्या रबरातले सव्वादोन सेंटिमीटर गायब. मुंबईच्या पावसाळ्यात टायरच्या कुशीला फुगा येतो आणि रिमला चीर जाते, ती याच सव्वादोन सेंटिमीटरमुळे.

दुकानातल्या पोराने हसून आणखी एक उपाय काढला. ‘मॅडम, भिंत पाहिजे ना, मग २२५/५० आर १७ लावा, एकदम सोफा!’ हिशेब केला : व्यास ६५७, म्हणजे जवळजवळ चार टक्के जास्त. स्पीडोमीटर ऐंशी दाखवेल तेव्हा गाडी त्याहून तीनेक किलोमीटर जास्त वेगाने पळत असेल, आणि उंच टायर आत घासायची भीती वेगळीच. सोफा कॅन्सल.

‘पीछे कौन बैठता है?’

दुकानाचे मालक, ज्यांना सगळे चाचा म्हणत होते, इतका वेळ चहा पीत ऐकत होते. त्यांनी दादाला एकच प्रश्न विचारला. ‘पीछे कौन बैठता है?’

मागे कोण बसतं? मागे मावशी बसते. दोन वर्षांपूर्वी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. दर महिन्याला दादा तिला ठाण्याहून चिपळूणला नेतो, कारण आजोळचं घर बंद ठेवायला ती तयार नाही. सोबत काका, वहिनी, मुलगा आणि येताना डिकीत नारळ, तांदूळ, कोकमं. मुंबई-गोवा हायवे तुम्ही केला असेल तर डायव्हर्जन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ऑपरेशननंतरची पहिली सफर तिने माणगावपासून पुढे दात आवळून केली होती. दादा तेव्हा आरशात बघत गाडी चालवत होता, हे वहिनीनेच मला सांगितलं होतं.

चाचांनी पोरांना हाक मारली. मागे डाव्या बाजूला ते १८ इंची चाक चढवलं, जॅक उतरवला. काय दिसत होतं राव! फुटपाथवरचे दोघे थांबून बघायला लागले. मग तीन पोरं मागच्या सीटवर बसली, एक डिकीच्या कडेवर, आणि त्यांनी गाडी वरखाली हलवली.

खर्र.

पुन्हा हलवली. पुन्हा खर्र. टायरच्या खांद्यावर ताजा ओरखडा उठला होता. ‘मडगार्ड का किनारा मोड देंगे, फिर नहीं लगेगा,’ पोरगा म्हणाला. चाचांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

शेजारी भंगारवाल्याचा काटा होता. मी दोन्ही रिम्स, टायरशिवाय, त्यावर ठेवायला लावल्या. जुनी साडेनऊ किलो, नवी साडेबारा. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं असतं, गाडीचं सस्पेन्शन ते झेलून गिळू शकत नाही. चार चाकांना मिळून १२ किलो जादा, प्रत्येक खड्ड्यात. दादा काट्याकडे बघत राहिला. मग त्याने मोबाइल खिशात टाकला.

मागच्या रॅकवरचा खजिना

सीएसटी रोडची खरी गंमत पुढच्या शोकेसमध्ये नसतेच. लोक मोठी चाकं लावतात तेव्हा कंपनीची चाकं दुकानातच सोडून जातात. ती मागच्या रॅकवर धूळ खात असतात. चाचांनी तिथून एक सेट काढला. ऑक्टाव्हियाचीच, ७ जे × १७, ईटी ४९. पीसीडी तीच, मधलं भोक ५७.१, म्हणजे रिंगची गरज नाही. हिशेब : बाहेर फक्त सव्वातीन मिलिमीटर, आत साडेनऊच्या आसपास. कंपनीने याच गाडीसाठी बनवलेलं माप, त्यामुळे आत घासायचा प्रश्न नाही.

टायर ठरला २२५/४५ आर १७. व्यास ६३४, भिंत १०१. म्हणजे कुशन थोडंच कमी, पकड जास्त. शेवटचा आकडाही बघितला, जो आपण कुणीच बघत नाही : लोड इंडेक्स. मूळ टायरवर ९१ होतं, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. आम्ही ९४ चा घेतला, ६७० किलो. नारळांसकट मावशी!

जुनी रिम घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. आम्ही चारही रिम्स बॅलन्सिंग मशीनवर टायरशिवाय फिरवल्या. एक लचकत होती, बदलून घेतली. आतल्या बाजूला वेल्डिंगचा डाग आहे का ते टॉर्च मारून पाहिलं, कारण बाहेरून रंग मारला की सगळंच नवं दिसतं. बोल्ट जुनेच वापरले. या गाडीच्या कंपनीच्या बोल्टचं बूड गोल असतं, बाहेरच्या बहुतेक रिम्सना निमुळतं लागतं. गोल बुडाचा बोल्ट निमुळत्या खाचेत घट्ट वाटतो, पण नीट बसत नाही. शेवटी टॉर्क पाना, १२० न्यूटन-मीटर. पाइप लावून लाथ मारणं नाही.

भाव मीही केला, थोडाफार. चाचांनी व्हॉल्व्ह फुकट दिले.

पुढच्या शनिवारी आम्ही सगळे चिपळूणला गेलो. वळणांवर गाडी आधीपेक्षा धिटाईने वळत होती, दादाच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मावशी माणगावला जागी झाली, चहा प्यायली आणि पुन्हा झोपली. चाकं बदलली आहेत हे तिला कळलंच नाही. दादाच्या वॉलपेपरवर आता मुलाचा फोटो आहे. पण १८ इंची दिसली की मान वळतेच, ते काही सुटत नाही.

जाताय? मग एवढं करा

कुर्ला वेस्टहून रिक्षा किंवा बस घ्या, गाडी न्यायचीच असेल तर वर्किंग डेला सकाळी. रविवारी पार्किंगच्या नावाने बोंब असते.

निघण्यापूर्वी दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे लावलेला टायरचा स्टिकर मोबाइलवर टिपून घ्या. कंपनीने मान्य केलेल्या मापातच राहा. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनासारखे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मापापासून दूर जाऊ नका असंच सांगितलंय. इन्शुरन्स कंपनीलाही कळवून ठेवा.

टायरच्या कुशीवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘नवीन’ टायर तीन वर्षं गोदामात पडलेला निघू शकतो.

एक चाक चढवून, मागे माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर शेजारचं दुकान आहेच.

आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर बोल्ट पुन्हा तपासा. पाच मिनिटांचं काम आहे, चहा होईपर्यंत उरकतं.