लोखंडाला नाही म्हणू नकोस!

लाकडी स्टुलावर उल्केची चकती ठेवली होती, जेमतेम नव्वद ग्रॅमची. भाड्याने आणलेला मेटल डिटेक्टर तिच्यावरून फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला, तरी ढिम्म! मग मेनूत शिरून लोखंड गाळायची सोय बंद केली आणि कॉइल परत चकतीवर नेली. यंत्र असं गुरगुरलं की नवरा आतल्या खोलीतून धावत आला. “अगं, काय झालं?” “अरे, ऐक ना! आकाशातून पडलेल्या लोखंडाचा आवाज आहे हा!”

त्या संध्याकाळपासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

आम्ही उत्तर स्वीडनमध्ये, लुलेओला राहतो. ती चकती इथून आणखी उत्तरेला, पायाला भागातल्या जंगलात सापडलेल्या म्युओनिओनालुस्ता उल्केची. 1906 साली तिथे गुरं राखणाऱ्या मुलांना गंजका, विलक्षण जड धोंडा सापडला आणि ही उल्का जगाला कळली. तिचं वय 4.56 अब्ज वर्षांहून जास्त, म्हणजे पृथ्वीसुद्धा इतकी जुनी नाही! सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी ती इथे कोसळली. मग हिमयुगं आली नि गेली, हिमनद्यांनी तिचे तुकडे गोट्यामातीबरोबर ओढत नेले, गाडून टाकले. चकतीवर आम्लाने उमटवलेल्या तिरप्या रेषा बाजेच्या विणीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. लोखंड आणि निकेल अवकाशात अतिशय सावकाश थंड झालं तेव्हाच ही वीण तयार झाली. मी ती रोज भिंगाखाली धरून बघते आणि रोज थक्क होते.

वाळवंटात काळी उल्का नुसत्या डोळ्यांना दिसते. इथे पाइन आणि बर्चची झाडं, ब्लूबेरीची झुडपं, वर घोटाभर शेवाळ. इथे डोळे काय करणार? कानच हवेत. म्हणून यंत्र निवडणं ही या छंदातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आणि इथेच ती गंमत आहे! बाजारातली बरीचशी यंत्रं नाणी आणि अंगठ्या शोधणाऱ्यांसाठी घडवलेली असतात. त्यांच्या लेखी लोखंड म्हणजे खिळे, म्हणजे कचरा. कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत त्यामुळे वीज खेळते आणि तिचा प्रतिसाद परत येतो. तो किती मागे सरकून आला यावरून यंत्र ठरवतं की हे चांदी आहे की खिळा, आणि खिळा वाटला तर गप्प बसतं. या हुशारीला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. उल्का शोधणाऱ्याने आधी ती बंद करायची! ज्या यंत्रात ती पूर्ण बंद होत नाही, ते कितीही महाग असलं तरी घेऊ नका.

दुसरा प्रकार पल्स इंडक्शनचा. हे यंत्र क्षणभर जोराचा ठोका देतं, थांबतं आणि धातूतली वीज विझताना ऐकतं. जमिनीतल्या खनिजांनी ते फारसं गोंधळत नाही आणि खोलवर पोचतं. मात्र लोखंड वेगळं काढणं त्याला नीट जमत नाही. नाणी शोधणारे यावरून नाक मुरडतात. मला तर हेच हवंय! आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही मॅग्नेटाइट असतं. लोणारच्या काठावर साधं यंत्र दगडालाच धातू समजून ओरडू लागेल. जमीन बघून यंत्र निवडायचं ते यासाठी.

दगडी उल्कांची तऱ्हा निराळी. त्यांच्यात धातूचे बारीक कणच असतात, त्यामुळे तिथे जास्त फ्रिक्वेन्सीचं यंत्र लागतं. फिशरचं गोल्ड बग-2 हे 71 किलोहर्ट्झवर चालतं आणि लहानशा कणांनाही जागं होतं. पण खोल गाडलेल्या मोठ्या लोखंडी गोळ्यासाठी ते नव्हे.

मग कॉइल. मोठी कॉइल खोल जाते, पण बारके तुकडे तिच्या हातून निसटतात आणि झाडांच्या मुळांत ती अडकते. छोटी कॉइल दोन मुळांमधल्या बेचक्यात सहज शिरते. म्हणून माझं ठरलं: पल्स इंडक्शनचं यंत्र आणि दोन कॉइल. मोकळ्या जागेला मोठी, झाडांखाली छोटी. वजनाकडेही बघा. दुकानात हलकं वाटलेलं यंत्र तीन तासांनी खांदा उतरवतं.

स्वीडनमध्ये प्रांत प्रशासनाच्या परवान्याशिवाय हे यंत्र रानात चालवता येत नाही. आमचा परवाना आला त्याच शनिवारी आम्ही निघालो. नवऱ्याने माझी चकती डबीत घालून शेवाळाखाली कुठेतरी लपवली आणि मी पाठ फिरवून उभी राहिले. मग हेडफोन, डास आणि मी. पहिला आवाज खिळ्याचा. दुसरा जुन्या काडतुसाचा. तिसरा घोड्याच्या नालेचा, आणि तीही मी आनंदाने पिशवीत टाकली! एका बर्चच्या मुळाशी पोचले तेव्हा छोटी कॉइल तिरपी करून आत सरकवावी लागली. आणि गुरगुर आली. बोटांनी शेवाळ उचललं. खाली डबी, डबीत ती बाजेची वीण.

माझीच चकती, मीच विकत घेतलेली. तरी हात थरथरत होते. कारण पाठ वळवून मी जिला हरवलं होतं, तिला परत आणलं ते फक्त तिच्या आवाजाने. या मातीत तिची भावंडं अजून पडून आहेत, आणि आता माझ्या कानांना तो आवाज ठाऊक आहे.