शेरा कुणी मारला?

जयसिंगपुरात पत्ता सांगणं सोपं. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं हे गाव आखून वसवलं. रस्ते सरळ, गल्ल्यांना नंबर. अमकी गल्ली, तमकं घर, झालं. आमच्या माडीवर चालणाऱ्या कारभाराचा पत्ता मात्र मला बरीच वर्षं सांगता येत नव्हता. लेक पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. काय करते, असं कुणी विचारलं की मी "कॉम्प्युटरचं" म्हणून मोकळा व्हायचो.

मग एकदा तिनंच सांगितलं, "अण्णा, मीपण तलाठीच की. जमिनीऐवजी सर्व्हरचे सात-बारा ठेवतो." (पुण्यात शिकली, तिथं नोकरी केली, पण आमच्याकडच्या मुलींचं ते 'ठेवतो', 'जातो' काही सुटलं नाही.)

माझी सगळी नोकरी शिरोळ तालुक्यात तलाठी म्हणून गेली, त्यामुळे हे चटकन डोक्यात शिरलं. कंपनीत हजारो यंत्रं नि प्रणाली असतात. कुठलं यंत्र कुठं आहे, कुणाच्या ताब्यात आहे, त्यावर काय चालतं, ते बंद पडलं तर आणखी काय काय बंद पडेल, याचं एक दप्तर लागतं. त्याला सीएमडीबी म्हणतात आणि त्यातल्या एकेका खात्याला सीआय. १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या संगणक विभागानं आयटिल नावाची कार्यपद्धती लिहून काढली, तिच्यातून हे दप्तर ठेवण्याची रीत जगभर गेली. आज ते ठेवायला तयार सॉफ्टवेअर मिळतात. त्यातलं एक मोठं नाव सर्व्हिसनाऊ, फ्रेड लडी यांनी २००४ मध्ये सुरू केलेलं.

या दप्तराची किंमत मी १९ जुलै २०२४ ला पाहिली. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बहुतेक यंत्रांशी एकेक करून झटावं लागणार होतं, आणि त्यासाठी आधी यादी हवी होती. लेक त्या रात्री जेवायला खाली आलीच नाही.

प्रत्येक खात्यात एक शेऱ्याचा रकाना असतो. आमच्या सात-बाऱ्यावर जसं 'इतर हक्क', तसं. खरी माहिती तिथंच दडलेली असते. "रात्री दोनच्या आत बंद करू नये, एक वाजता बँकेची फाईल जाते," असलं काहीतरी कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेलं. पण शेरे लिहायचा कंटाळा सगळ्यांनाच. म्हणून गेल्या वर्षी कंपनीनं ठरवलं, हे काम एआय एजंटकडे द्यायचं.

एजंट म्हणजे नुसता बोलणारा चॅटबॉट नव्हे. त्याच्या हाती 'टूल' दिलेली असतात. टूल म्हणजे एकच ठरलेलं काम करणारा छोटा प्रोग्राम. कुठलं टूल कशासाठी, त्याला कोणती माहिती पुरवायची, हे साध्या वाक्यांत लिहून ठेवायचं. ते वाचून कधी कुठलं टूल उचलायचं, हे एजंट स्वतः ठरवतो. लेकीनं केलेल्या टूलला दोनच गोष्टी लागायच्या: खात्याची ओळख आणि शेऱ्याचा मजकूर. एजंट सर्व्हरची ताजी माहिती वाचायचा, चार ओळींचा सारांश करायचा आणि टूल तो रकान्यात टाकायचं. चाचणीत सगळं झकास.

पावसाळ्यातल्या एका सकाळी पुण्याहून फोन आला. रात्री कुणीतरी एक सर्व्हर बाराच्या सुमाराला दुरुस्तीला घेतला होता नि बँकेची फाईल अडकली. शेरा वाचला नाही का? वाचला होता. पण तिथं आता छान भाषेत यंत्राची मेमरी आणि शेवटच्या अपडेटची तारीख लिहिलेली होती. जुनी ओळ गायब.

कारण अगदी बारीक होतं. त्याच सॉफ्टवेअरमधल्या तक्रारींच्या नोंदीतला शेऱ्याचा रकाना वहीसारखा असतो. नवं लिहिलं की जुन्याच्या वर चढतं, जुनं हलत नाही. यंत्राच्या खात्यातला रकाना पाटीसारखा होता. नवं लिहिलं की जुनं पुसलं. दोन्ही रकान्यांवर नाव मात्र एकच, 'कमेंट्स'. चाळीसेक खाती पुसली गेली होती. दोन ठिकाणी तर शेरा भलत्याच खात्यात पडला होता, कारण एकाच नावाचे दोन सर्व्हर होते नि एजंटनं नावावरून शोधलं होतं. (एका गावात एकाच नावाचे तीन खातेदार मी सांभाळलेत. गट नंबर विचारल्याशिवाय आम्ही पेनाचं टोपण काढत नसू.)

सगळ्यात वाईट पुढंच होतं. बदलाच्या इतिहासात प्रत्येक पुसापुशीपुढं लेकीचं नाव. एजंट तिच्याच लॉगिननं चालत होता. "मी केलंच नाही हो अण्णा, आणि नोंद माझ्या नावावर!"

त्याच इतिहासात जुनं मूल्य नि नवं मूल्य शेजारी शेजारी होतं म्हणून बचावली. दिवसभर बसून तिनं ओळी परत आणल्या. संध्याकाळी चहा घेऊन मी माडीवर गेलो, तर म्हणाली, "तुमच्यात कशी नोंद बदलतात?"

मी सांगितलं. सात-बाऱ्यावरचं नाव कुणी खोडत नाही. आधी फेरफार नोंदवायचा, त्याला क्रमांक द्यायचा. संबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस. मग मंडळ अधिकारी प्रमाणित करणार. तलाठ्यानं लिहिलं म्हणून नोंद पक्की होत नाही. आणि त्यानंतरही जुन्या नावाला फक्त कंस करायचा. कंसातलं नाव वाचता येतं, आजोबांचं, पणजोबांचं. २००५ च्या पुरात आम्ही खाट नंतर हलवली, फेरफाराची बुकं आधी माळ्यावर चढवली. अर्थात, कंस करताना झालेल्या चुकाही मी पाहिल्यात, त्यातल्या एक-दोन माझ्याच. दप्तर पवित्र वगैरे काही नसतं.

तिनं काही लिहून घेतलं नाही, पण पुढच्या आठवड्यात टूल बदललं. आता ते आधी रकाना वाचतं. जुना मजकूर तसाच ठेवून खाली तारखेसह नवी ओळ जोडतं. खातं नावानं नव्हे, बत्तीस अक्षरी ओळखक्रमांकानं शोधतं. एजंटला स्वतःचं वेगळं लॉगिन मिळालं. आणि त्याचा शेरा कच्चा राहतो, माणसानं मंजूर केल्यावरच चढतो. कंपनीतल्या काहींना हे पटलेलं नाही. सगळं माणसानंच बघायचं तर एजंट कशाला, असं ते विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी कच्च्या शेऱ्यांचा ढीग साचतो आणि ती डोळे चोळत एकेक बघत बसते, तेव्हा मलाही तो पडतो.

परवाच्या शुक्रवारी मी शेजारी बसलो होतो. एजंटनं एका सर्व्हरबद्दल लिहिलं होतं की नव्वद दिवसांत याच्यावर काही हालचाल नाही, निवृत्त करायला हरकत नसावी. तिनं नामंजूर केलं.

"का गं?"

"हा वर्षातनं एकदाच लागतो. मार्च अखेरीला."

"ते लिहिलंय कुठं?"

ती थांबली. रकाना उघडला. कोरा होता. तिनं एक ओळ टाइप केली नि खिडकी बंद करायला निघाली.

"खाली नाव घाल," मी म्हटलं.

"ते आपोआप येतं, अण्णा," ती म्हणाली. मग तिनं पुन्हा उघडून बघितलं, खरंच आलंय का ते.